दारू सुटली, तरी डोके जड का?



दारू सोडलेला गडी पहिले काही आठवडे विसरभोळा होतो. पाण्याची पाळी चुकते, खताचा हिशेब लागत नाही. मग वाटते, "घोटभर घेतली की डोकं चालंल." इथेच घात होतो. हा दोष दारू सोडल्याचा नव्हे. पिऊन पिऊन थकलेला मेंदू सावरत असतो. बहुतेकांचे डोके काही आठवड्यांत हलके होऊ लागते. पुरते सावरायला कित्येक महिनेही लागतात.

तोवर काय करावे?

१) पाळी, तोडीची तारीख, देणेघेणे वहीत लिहावे.

२) जेवण व झोप वेळेवर घ्यावी. दारूमुळे ब-१ जीवनसत्त्व कमी पडते. डॉक्टरांना विचारून ते घ्यावे.

३) ट्रॅक्टर व औषध फवारणी तूर्त दुसऱ्याकडे द्यावी.

रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. पहिल्या ४-५ दिवसांत झटके आले, भास झाले, किंवा केव्हाही तोल जाऊन भ्रम वाढला, तर तडक दवाखाना गाठावा.

घरच्यांनी टोमणे मारू नयेत. खोडवा फुटेपर्यंत आपण थांबतोच ना? तसेच इथेही थांबावे.