लांबचा पल्ला आणि सुटे भाग

पंढरपूर

चिरंजीव बाळ यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. लंडनहून स्वतःची मोटार हाकीत घरी येण्याचा तुझा मनोदय वाचून तुझी काकू धास्तावली; मला मात्र फारसे नवल वाटले नाही, कारण 2025 च्या एप्रिलात विठ्ठलाच्या पादुका याच गावातून मोटारीने निघून नेपाळ, चीन, रशिया असे देश ओलांडीत लंडनला गेल्या, तेव्हापासून त्या मार्गाची नावे आमच्या पारावर सर्रास ऐकू येतात. उभा जन्म एस.टी.च्या आगारात गाड्यांखाली गेला असल्यामुळे बाकीचा उपदेश इतरांवर सोपवून मी केवळ सुट्या भागांविषयी लिहितो.

तुझ्या यादीत महागाचे नग आरंभी आणि किरकोळ शेवटी, असा क्रम दिसतो, तो मला मान्य नाही. दिंडीच्या ट्रकात राहुट्या आणि मोठी पातेली भरतात, भाजीपाला मात्र मुक्कामी विकत घेतात. त्याच न्यायाने, ज्याच्यावाचून गाडी जागची हलणार नाही आणि जो वाटेत मिळण्याची आशा नाही, तोच जिन्नस बरोबर घेण्याच्या योग्यतेचा, मग त्याची किंमत काहीही असो. रेडिएटरचे झाकणच घे. समुद्रसपाटीस शंभर अंशांवर उकळणारे पाणी पाच हजार मीटर उंचीच्या तिबेटी घाटांत सुमारे 83 अंशांवरच उकळू लागते, आणि इंजिनाचे पाणी त्या उंचीवर उकळू न देण्याचे बरेचसे काम आतील दाब धरून ठेवणाऱ्या त्या झाकणाच्या क्षुल्लक रबरी कडीवर असते. ती चिरली तर तुझे नवेकोरे शॉक ॲब्सॉर्बर काय कामाचे? शिवाय चीनमध्ये परदेशी गाडीबरोबर तेथील वाटाड्या असावाच लागतो, म्हणजे एका झाकणासाठी आठ दिवस अडकलास, तर त्याचा आठ दिवसांचा मेहनतानाही तुझ्याच खाती. झाकण, पट्टे, होजपाईप, डिझेलचे फिल्टर, क्लचप्लेट यांना यादीत अग्रस्थान दे. 1955 साली ऑक्सफर्ड व केंब्रिजचे विद्यार्थी लंडनहून सिंगापुरास निघाले, तेव्हा त्यांच्याजवळ दोन लँड रोव्हर होत्या आणि प्रसंगी एकीचा नग दुसरीस लावता येण्याजोगा होता. तुझी गाडी एकटी आहे.

आता प्रत्यक्ष खरेदीविषयी. केवळ मॉडेलचे नाव आणि साल सांगून काही मागवू नकोस, कारण एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत ब्रेकपॅडचा आकारही निराळा निघतो. सतरा अक्षरांकी चॅसी नंबर दाखवून नगाचा क्रमांक लिहून घे आणि डब्यावरील क्रमांकाशी रुजुवात कर. टायरच्या कडेवर चार आकड्यांचा शिक्का असतो. 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. स्वस्त म्हणून गुदामात पडून राहिलेले रबर गळ्यात घेऊ नकोस.

मात्र सर्वांत आग्रहाने सांगायचे ते हे की, निघण्यापूर्वी पुरेशी मुदत ठेवून नवे नग आणावेस, ते गाडीस बसवून काहीशे मैल चालवावेस, आणि उतरविलेले जुने, पण अद्याप धड असलेले, नग बासनात बांधून बरोबर घ्यावेत. जुन्याची शाबिती झालेली असते. नवा मात्र चुकीचा किंवा सदोष निघाला तर तो विलायतेतच कळलेला बरा, कारण तेथे घरपोच मागविलेला जिन्नस चौदा दिवसांत परत करण्याचा हक्क कायद्याने आहे, कझाकस्तानच्या माळावर त्या हक्काचा उपयोग नाही. बसविण्याचे काम मिस्त्रीकडून करवून घेताना तू जवळ उभा राहा, आणि कोणती हत्यारे लागली याची टिपणी ठेव. यात आणखी एक सोय आहे: सीलबंद डब्यांची चळत पाहिली की जकातीच्या अंमलदारास व्यापाराचा संशय येतो, वापरलेल्या तेलकट नगांविषयी तो सहसा विचारीत नाही. तरीही तपशीलवार फर्द आणि पावत्या जवळ असाव्यात, आणि गाडी तात्पुरती परदेशी नेण्याच्या कार्ने नावाच्या दस्तऐवजात जादा चाकांची संख्या लिहिली जाते, ती गाडीतील चाकांशी जुळली पाहिजे.

सुधारलेली यादी चॅसी नंबरासह मला पाठव. जे नग काठमांडूस वा आपल्याकडे सहज मिळतात, त्यांवर तांबडी खूण करून मी ती उलटटपाली धाडीन. मात्र तुझ्या गाडीचे मॉडेल भारतात कधी विकले गेले होते की नाही, हे विचारून कळव, नसल्यास खुणा फारच थोड्या पडतील.

तुझा,
काका