वाढदिवसाची बशी

मुलांनो, डोंबिवलीत वाढदिवसाच्या बशीत बहुधा चिवडा असतो, आणि चिवड्यात शेंगदाणे. परंतु हाच पौष्टिक दाणा एखाद्या बालकाच्या शरीरास शत्रू वाटतो. त्याच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, प्रसंगी श्वास कोंडतो. मग तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. शरीराच्या अशा बदललेल्या वागणुकीस ‘ॲलर्जी’ हे नाव व्हिएन्नातील डॉक्टर फॉन पिर्के यांनी १९०६ साली दिले. दाणे वेचून टाकल्याने भागत नाही. त्यांचे कण चिवड्यात राहतातच. म्हणून अशा बालकाच्या आईस आधी विचारावे. तिची हरकत नसल्यास स्वच्छ घासलेल्या पातेल्यात ओले खोबरे व गूळ घालून गोड पोहे करावेत. मात्र त्याला वेगळी बशी नको. सर्वांनाच पोहे वाढावेत. एक दिवस चिवडा डब्यात राहिला, तर बिघडले कोठे?