धडधडणारी छाती आणि विळ्याच्या आकाराचे रक्त



ऊर्जानगरच्या वसाहतीत जा की भामरागडच्या जंगलात, आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात एक तक्रार कानी येते. "बांधावरून चार पावलं चाललो की छाती धडधडते, हाडं ठणकतात." कोणी याला अशक्तपणा म्हणतो, कोणी बाहेरची बाधा. काही वेळा खरे मूळ रक्तात असते. त्या आजाराचे नाव सिकलसेल.

सिकल म्हणजे विळा. निरोगी तांबडी पेशी गोल, लवचिक असते व सुमारे १२० दिवस जगते. या आजारात ती विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि १० ते २० दिवसांतच मोडते. अडकली की वेदना होतात. मोडली की रक्त कमी पडते.

मग छाती का धडधडते? आपल्या कारखान्याचेच पाहा. गव्हाणीला ठराविक ऊस लागतोच. गाड्या कमी झाल्या तर उरलेल्या गाड्यांना जास्त खेपा कराव्या लागतात. तसेच प्राणवायू वाहणाऱ्या पेशी कमी पडल्या की हृदय खेपा वाढवते. म्हणून नुसती धडधड थांबवायची गोळी मनाने घेऊ नये. लोहाच्या गोळ्याही तपासणीशिवाय नकोत, कारण इथे लोहाची कमतरता असेलच असे नाही.

नाडी मोजायची कशी? पाच मिनिटे स्वस्थ बसा, मनगटावर बोटे ठेवा, पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसाचे ठोके साधारण ६० ते १०० असतात. खर्रा खाल्ल्यावर ते वाढतात, तेव्हा मोजू नये. रोग्याने तर खर्रा सोडावाच.

सिकलसेलच्या रोग्याने तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. भर उन्हात ऊसतोडणी आणि थंडीच्या रात्री ओल्या अंगाने पाणी धरणे टाळावे. डॉक्टरांनी दिलेल्या फॉलिक ॲसिड व हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या मध्येच बंद करू नयेत. नाडी जोरात असून ताप, छातीत दुखणे, दम लागणे किंवा एकाएकी अंग पांढरे पडणे यांपैकी काही दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच दवाखाना गाठा. लहान मुलाच्या पोटात डाव्या बाजूला सूज आली तरी तसेच करा.

हा आजार आईबापांकडून येतो, शिवाशिवीने नाही. एकाच जातीचा तो नव्हे. वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून हिवतापाच्या मुलखात तो टिकून राहिला. वाहक स्वतः सहसा आजारी नसतो. पण नवराबायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक खेपेस मूल आजारी होण्याची शक्यता चारांत एक असते. दोष एकट्या सुनेचा कधीच नसतो.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने या आजाराची पाहणी केली होती. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीमही चालू झाली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासता येते.

लग्न ठरवताना आपण सोयरीक पाहतो, शेती पाहतो. त्याआधी मुलामुलीचे रक्तही तपासून घ्या. उसाचे बेणे निवडताना जेवढी काळजी घेतो, तेवढी तरी घरच्या लेकरांची घेऊ या, हीच विनंती.