भाकरी थापताना मन लातूरला

प्रश्न : मुलगी लातूरला ‘नीट’च्या शिकवणीसाठी खोली करून राहते. मी नांदेडला. हात कामात आणि जीव तिकडं. दूध उतू जातं, भाजी करपते, रस्ता ओलांडतानाही भान नसतं. सगळे म्हणतात, वर्तमानात राहा. विपश्यनेला दहा दिवस घर सोडून जाणं जमत नाही. घरातच काही करता येईल का?
– एक गृहिणी, नांदेड

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलेला ‘भान’ हा शब्दच धरून बोलू. लहानपणी आपलं लक्ष उडालं की आई म्हणायची, ‘भानावर ये गं!’ म्हणजे मन जाणार हे तिनं गृहीतच धरलेलं होतं. गेलं ते कळायचं आणि परत यायचं, एवढंच तिचं मागणं. बुद्धाच्या शिकवणीत यालाच पाळीत ‘सती’ म्हणतात. संस्कृतातली ‘स्मृती’ तीच. आपण इथं आहोत याची आठवण होणं. सतिपट्ठान सुत्तात चालणं, वाकणं, खाणंपिणं ही रोजचीच कामं भान ठेवून करायला सांगितली आहेत. तेव्हा घरात करता येईल का, ही शंका मनातून काढून टाका.

सुरुवात ज्वारीच्या भाकरीपासून करा. ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नसतो. पीठ एकत्र राहतं ते गरम पाण्यामुळं आणि मळण्यामुळं, म्हणून लक्ष हललं की काठ चिरतो. एकाच भाकरीचा गोळा घ्या. मळताना पीठ आधी खरखरीत लागेल, मग हळूहळू मऊ. थापताना आवाज ऐका : गोळा जाड असतो तेव्हा दबका, पातळ होत गेला की टपटप. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतो ना, ते पाणी पुरतं सुकायच्या आत भाकरी उलटायची असते. उशीर झाला की तडे जातात.

मधे लेक आठवेलच. आठवू द्या. मनात ‘लेक आठवली’ म्हणा आणि हाताखालच्या पिठाकडं परत या. पाच भाकऱ्यांत वीसदा गेलात आणि वीसदा आलात, तर वीसदा सराव झाला. मी रोजची पहिली भाकरी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून करते. तेवढं तरी पाळाच.

मात्र भान आणि धास्ती यांतला फरक ओळखायला हवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर कितीतरी माणसं छताखाली झोपायला धजत नव्हती. जरा खुट्ट झालं की उठून बसायची. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा लातूरकरांनी थेंब न् थेंब डोळ्यांत तेल घालून जपला. तीही जागरूकताच, पण धास्तीची. फोन कधी वाजतो म्हणून तुमचे कान टवकारलेले असतात, ते तसलंच. त्यानं माणूस थकतं. म्हणून लेकीशी बोलायची एक वेळ ठरवा, म्हणजे दिवसभर कानांना पहारा द्यावा लागणार नाही.

विपश्यना पुढं कधी सवड झाली तर जरूर करा. इगतपुरीच्या धम्मगिरीवर सत्यनारायण गोएंकांच्या परंपरेतली शिबिरं होतात. दहा दिवसांचं शिबिर, शेवटचा दिवस सोडला तर मौन, पहिले तीन दिवस नुसता नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा, शुल्क नसतं. तोवर घरी डोळे मिटून बसल्यावर छातीत धडधड वाढत असेल, तर हट्टानं बसू नका. डोळे उघडे ठेवून हातातलं कामच करा. झोप आणि भूक उडाली असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे. तिथं मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

आणि आज रात्री लेकीचा फोन आला की गॅस बंद करा, खाली बसा. चाचणीचे मार्क शेवटी विचारा. आधी ती काय जेवली ते विचारा आणि मेसच्या भाजीचं गाऱ्हाणं पुरतं ऐकून घ्या.