मेदसंचयाची जीवशास्त्रीय कारणे : शिक्षकांसाठी पाठ-टिपण

आरोग्यशास्त्राच्या तासाला स्थूलतेचा विषय निघाला की ‘जो फार खातो तो लठ्ठ होतो’ एवढ्या वाक्यावर तो सहसा आटोपला जातो. हे वाक्य असत्य नाही. परंतु अपुरे आहे, आणि वर्गातील एखाद्या स्थूल मुलाकडे सर्वांच्या माना वळविणारे आहे. म्हणून शिक्षकांनी पाठाचा आरंभ कणगीपासून करावा.

पनवेल तालुक्यात भातशेती घरोघर होती, तेव्हा रोजचे तांदूळ डब्यात व वर्षाचे भात कणगीत असे. शरीराचीही व्यवस्था तशीच आहे. यकृतातील साखरेचा साठा सुमारे एका दिवसाच्या उपवासात बहुतेक संपतो. दीर्घकाळची बेगमी मेदाच्या रूपाने होते. एक ग्रॅम पिष्टापासून सुमारे ४ किलोकॅलरी उष्णता मिळते, तर एक ग्रॅम मेदापासून ९. (भुईमुगाचा दाणा सुईला टोचून शिक्षकांनी स्वतः पेटवावा व परीक्षानळीतील पाणी तापवून दाखवावे, मुले ते विसरत नाहीत.) लक्षावधी वर्षे मनुष्याला अन्नाची शाश्वती नव्हती, साठा करणारे शरीर तगले. शिवाय मेद घटू लागला की मेदपेशींतून स्रवणारे लेप्टिन कमी होते आणि भूक वाढते. हे संप्रेरक १९९४ मध्ये ज्ञात झाले. केवळ निश्चयाने वजन उतरविणे कठीण जाते, त्याचे हे एक कारण होय.

आपल्याकडील मुलांच्या बाबतीत याहून महत्त्वाची गोष्ट पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविली. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया व त्यांची बालके यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५. पुण्याकडील बालकांचे स्नायू व पोट बरेच लहान होते. पाठीवरील त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने टिकून होता. पोषण अपुरे पडले की गर्भ स्नायूंत काटकसर करतो व मेद राखतो, असा याचा अर्थ लावण्यात आला. अशा मुलास पुढे खाणे भरपूर व श्रम थोडे असे जीवन लाभले, तर मधुमेहाचा धोका वाढतो. १९७० नंतर ज्या तालुक्यातील शेते नव्या मुंबईसाठी गेली, लावणीचे कष्ट गेले आणि नाक्यानाक्यावर वडापाव आला, तेथे हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

तेव्हा किरकोळ अंगाचे मूल पाहून निर्धास्त राहू नये. आरोग्यतपासणीच्या वेळी वजनाबरोबर उंची व कमरेचा घेरही नोंदवावा. आणि ती नोंद वर्गात मोठ्याने वाचू नये.