बलाची मात्रा आणि प्रकाशाचा तंतू

बालरोगतज्ज्ञाच्या व्यवसायात ‘मात्रा’ या शब्दाला फार मोठे स्थान आहे. मुलाचे वजन किती किलो आणि औषध किती मिलिग्रॅम, हा हिशेब झाल्याखेरीज आमची लेखणी पुढे सरकत नाही. त्यामुळे बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या दातांवर तारा बसविल्या जातात, तेव्हा त्या तारेची मात्रा कशी मोजली जाते, याचे मला कुतूहल वाटत आले आहे. ‘तार जरा अधिक आवळली तर दात लवकर सरळ होतील ना?’ हा पालकांचा प्रश्न पुष्कळदा दंतवैद्याआधी आपल्याकडेच येतो. म्हणून हा विषय येथे मांडत आहे.

दात का सरकतो?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ व हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर रुंदीचा, रक्तवाहिन्यांनी समृद्ध असा बंध असतो. दातावर बल लागले की दाबाच्या बाजूस हाड झिजते, ताणाच्या बाजूस नवे हाड तयार होते आणि दात हळूहळू जागा बदलतो. हा दाब केशवाहिन्यांतील रक्तदाबाहून, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 20 ते 26 ग्रॅमहून, अधिक नसावा, असे श्वार्ट्झ यांनी 1932 साली मांडले. दंतोपचारशास्त्राच्या ग्रंथांत दात केवळ कलता करण्यासाठी 35 ते 60 ग्रॅम, मुळासकट सरकविण्यासाठी 70 ते 120 ग्रॅम, तर हाडात आत दाबण्यासाठी अवघे 10 ते 20 ग्रॅम बल सांगितलेले असते.

बल सौम्य असेल तर हाडाची झीज दोनेक दिवसांत सुरू होते. ते अति झाले तर बंधातील रक्तप्रवाह थांबतो, पेशी मरतात आणि दात हलण्यास एक ते दोन आठवडे लागू शकतात. शिवाय दंतमूळ झिजण्याचा धोका वाढतो. थोडक्यात, अधिक आवळल्याने वेळ वाचत नाही.

मोजमापातील अडचण

दंतवैद्याकडील बलमापक तारेचा वा रबराचा ताण सांगतो. परंतु त्यातील काही भाग तार व ब्रॅकेट यांच्या घर्षणात जातो, रबरी साखळीचा ताण पहिल्या दिवसातच बराच उतरतो, आणि मुळापाशी प्रत्यक्ष किती बल पोहोचले हे गुलदस्त्यातच राहते.

येथे प्रकाशतंतू उपयोगी पडतो. 1978 साली कॅनडातील ओटावा येथे केनेथ हिल व सहकाऱ्यांना असे आढळले की, काचतंतूच्या गाभ्यात प्रकाशाच्या साहाय्याने अपवर्तनांकाची नियमित चढउतार कोरता येते. हीच फायबर ब्रॅग ग्रेटिंग. हा कोरलेला भाग एकाच विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवितो. तंतू ताणला गेला की कोरीव रेषांमधील अंतर वाढते आणि परतणारी तरंगलांबी बदलते. 1550 नॅनोमीटरच्या आसपास, लांबीत दशलक्षांश बदल झाला तरी तरंगलांबी सुमारे 1.2 पिकोमीटरने सरकते. तंतूची जाडी केवळ 125 मायक्रोमीटर. त्यात वीज वाहत नाही, आणि एकाच तंतूवर अनेक ठिकाणी संवेदक कोरता येतात.

ब्राझीलमधील कुरितिबा येथील संशोधकांनी वरच्या जबड्याच्या प्रतिकृतीत असे संवेदक बसवून दातांवरील बलांचे मापन 2012 मध्ये प्रसिद्ध केले. आपल्याकडे चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेतील संशोधकांनी खेळाडूंचे दंतरक्षक कवच आघात किती शोषते, हे याच तंत्राने तपासले. ते काम 2011 मध्ये प्रसिद्ध झाले.

मर्यादा

हा तंतू ताणाइतकाच तापमानालाही प्रतिसाद देतो. एका अंशाला सुमारे 10 पिकोमीटर, म्हणजे आठ दशलक्षांश ताणाइतका फरक पडतो. सराफ्यात गरम गराडूवर थंडगार शिकंजी पिणाऱ्या आपल्या इंदुरी मुलाच्या तोंडात हा गोंधळ किती होईल, याची कल्पना करावी! म्हणून शेजारी ताणरहित दुसरा संवेदक ठेवून तापमानाचा परिणाम वजा करावा लागतो. शिवाय काच ठिसूळ, आणि प्रकाश वाचणारे यंत्र महाग. हे तंत्र प्रामुख्याने प्रयोगशाळेतील प्रतिकृतींवर चालते. दवाखान्यातील नित्याचे साधन ते नव्हे.

तरीही त्याची शिकवण आपल्या उपयोगाची आहे. तार बदलल्यावर दोन-चार दिवस दात दुखणे स्वाभाविक आहे. वेदना त्यापुढे टिकली, दात फार सैल झाला, तर मुलाला ‘सहन कर’ न सांगता दंतवैद्याकडे परत पाठवावे. वेदनाशामक देताना पॅरासिटामॉल बरे. आयबुप्रोफेनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन रोखतात आणि दीर्घकाळ घेतल्यास दाताची हालचाल मंदावू शकते. आणि पालकांस सांगावे, की औषधाप्रमाणे बलालाही मात्रा असते. ती ओलांडून घाई साधत नाही.