फोनवरचे गिऱ्हाईक

चिंचपोकळी, लालबाग, परळ हा सारा गिरणगाव. गिरण्या चालू होत्या तेव्हा इथल्या कितीतरी बाया घरी खानावळ चालवीत. दारावर पाटी नसे. पण जेवण चांगले असले की एक कामगार दुसऱ्याला सांगे, दुसरा तिसऱ्याला. हीच त्यांची जाहिरात! १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे एकेक गिरणी बंद पडली. पुष्कळ कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरार अशी लांब राहायला गेली. गिऱ्हाईक पांगले. मग एकाने दुसऱ्याला सांगायचे कसे?

ते काम आता हातातला फोन करतो. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम यांना समाजमाध्यमे म्हणतात. धंदेवाल्यांसाठी निराळे व्हॉट्सॲप भारतात २०१८ साली आले. त्यात मालाचे फोटो, भाव आणि दुकानाची वेळ मांडून ठेवता येते.

समजा, एक ताई घरी मालवणी मसाला करून विकतात. त्यांनी काय करावे? आम्ही चार गोष्टी सांगतो.

१. ओळखीचे गिऱ्हाईक आधी. हजार अनोळखी लोकांनी फोटो पाहिला म्हणून मसाला खपत नाही, बरं का! जुन्या गिऱ्हाइकांची नावे व नंबर वहीत लिहा. निरोप पाठवू का, असे त्यांना विचारा. सगळ्यांचा एक ग्रुप केला तर एकाचा नंबर दुसऱ्याला दिसतो. त्यापेक्षा ब्रॉडकास्ट यादी करा. मग निरोप ज्याला त्याला वेगळा जातो. मात्र ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये नोंदवला आहे, त्यालाच तो पोचतो. म्हणून पुडीवर नंबर घाला आणि नोंदवून ठेवायला सांगा.

२. वेळ साधा. होळी झाली की घरोघरी वर्षाच्या मसाल्याचा विचार सुरू होतो. पाऊस लागल्यावर निरोप पाठवून काय उपयोग? आणि रोज सकाळी नमस्काराची चित्रे पाठवू नका. माणसे कंटाळतात नि तुमचा नंबर बंद करून टाकतात.

३. खरे तेच दाखवा. फोटो आपल्याच मसाल्याचा हवा. भाव आणि वजन स्पष्ट लिहा. खाण्याचा माल विकणाऱ्याने सरकारी नोंदणी करून १४ अंकी क्रमांक पुडीवर घालावा. आठवड्याला दहा किलो होत असेल, तर दहाच किलो कबूल करा. अंथरूण पाहून पाय पसरावे. चांगले नाव तोंडोतोंडी पसरते, तसे वाईटही पसरते. फोनवर तर ते पळत जाते.

४. पैसे जपा. कोणी म्हणेल, "ताई, पैसे पाठवतोय. हा क्यूआर कोड स्कॅन करा नि पिन टाका." सावध! पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की आपलेच पैसे जातात. फसवणूक झाली तर लाजू नका. लगेच १९३० या नंबरावर फोन करा. जितकी घाई कराल, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

खानावळवाल्या बायांचा धंदा चालला तो विश्वासावर. फोन फक्त निरोप पोचवतो. विश्वास आपल्यालाच कमवावा लागतो.

वाचा. रिकाम्या जागी आपला भाव घाला आणि वहीत लिहून काढा:

नमस्कार. मालवणी मसाला तयार आहे. कालच कांडला. अर्धा किलो ____ रुपये. एकूण १० किलो आहे. शनिवारी सायंकाळी ५ ते ७ चिंचपोकळी स्टेशनवर मिळेल. हवा असल्यास आजच कळवा.